श्वासावरून शीण कसा ओळखावा

शरीराला शीण किती आला आहे, हे आपण सहसा शरीराला विचारीत नाही. रात्री किती तास झोपलो, काल किती काम केले, आज किती उरले आहे, असा हिशेब मांडतो आणि "ठीक आहे" असे ठरवून मोकळे होतो. परीक्षेच्या दिवसांतील विद्यार्थी, मार्चअखेरीची कामे उपसणारा कारकून, पहाटे तालमीत जाणारा तरुण, घरातील आजाऱ्याची रात्रंदिवस शुश्रूषा करणारी गृहिणी, या सर्वांची फसगत याच हिशेबात होते. तेव्हा जिला सेकंदकाट्याचे घड्याळ आणि हाताची दोन बोटे एवढेच साहित्य पुरते, अशा एका परीक्षेची ओळख आम्ही येथे करून देणार आहोत.

सकाळी उठल्यावर, चहापूर्वी, पाच मिनिटे स्वस्थ बसावे. नाकाने नेहमीसारखा श्वास घ्यावा, नेहमीसारखाच सोडावा. मुद्दाम खोल घेऊ नये. श्वास सोडून झाला की नाक चिमटीत धरावे आणि सेकंद मोजावेत. श्वास घ्यावा अशी पहिली स्पष्ट ऊर्मी आली, गळ्यात गिळल्यासारखे झाले किंवा पोटाचा पडदा किंचित हलला, की चिमटी सोडावी. सर्वांत अधिक चुका होतात त्या येथेच. ही सहनशक्तीची पैज नव्हे. चिमटी सोडल्यावरचा पहिला श्वास परीक्षेपूर्वीच्या श्वासाइतकाच शांत असला पाहिजे. तो धापेसारखा आला, तर आपण फार थांबलो असे समजावे आणि तो आकडा सोडून द्यावा.

हे सेकंद नेमके काय मोजतात? बहुतेकांना वाटते की प्राणवायू संपत आला म्हणून जीव कासावीस होतो. तसे नाही. बाहेरच्या हवेत प्राणवायू शेकडा २१ असतो आणि आपण सोडलेल्या श्वासातही तो सुमारे १६ उरलेला असतो; म्हणून तर बुडालेल्या माणसाच्या तोंडात आपला श्वास फुंकून त्याला जगविता येते. ऊर्मी उठते ती मुख्यतः दुसऱ्या वायूमुळे, जुन्या शालेय पुस्तकांतील कर्बाम्ल वायूमुळे, म्हणजेच आजच्या कार्बन डायॉक्साइडमुळे. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीरही मिनिटाला सुमारे २०० मिलिलिटर, म्हणजे फुलपात्रभर, हा वायू तयार करते. तो साचला की रक्ताची आम्लता वाढते आणि मेंदूच्या तळाशी असलेले श्वासकेंद्र घंटा वाजवू लागते. श्वासाची गती प्रामुख्याने याच वायूवर ठरते, हे हॉल्डेन आणि प्रीस्टली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९०५ साली दाखवून दिले.

घंटा केव्हा वाजावी हे मात्र दररोज सारखे नसते. अंगात कसर असली की शरीराची भट्टी जोरात चालते, वायू अधिक वेगाने साचतो आणि सेकंद घटतात. भारी व्यायामानंतर शरीर सावरले नसेल तरीही तसेच घडू शकते. काळजीचा परिणाम याहून विलक्षण आहे. घाबरलेला माणूस नकळत भराभर श्वास घेतो, आणि त्याचे श्वासकेंद्रही अधिक हळवे होते. ज्यांना एकाएकी भीतीचे झटके येतात, त्यांपैकी अनेकांना हा वायू थोडासा वाढवून हुंगावयास दिला तरी झटका येतो. डोनाल्ड क्लाइन या अमेरिकन मनोवैद्याने १९९३ साली याला गुदमरण्याची खोटी सूचना असे म्हटले. घरात चोर नसताना कुत्रे भुंकावे, तसा हा प्रकार!

सोव्हिएत डॉक्टर ब्युतेको यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात या विरामाला फार मोठे महत्त्व दिले आणि ठरावीक सेकंदांच्या पुढे गेलेला मनुष्य निरोगी समजावा, असा दंडक घातला. हा दंडक वाचकांनी मनावर घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. विराम जितका लांब तितका फुप्फुसातील कर्बाम्ल वायू अधिक, अशी त्यांची उपपत्ती होती. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत तो मेळ जमला नाही. शिवाय मनाचा आणि स्नायूंचा भाग वेगळाच. फाउलर यांनी १९५४ साली एक मौजेचा प्रयोग केला. श्वास रोखून अगदी शेवटास आलेल्या माणसांना त्यांनी काही श्वास घेऊ दिले, पण ज्यात प्राणवायू कमी आणि कर्बाम्ल वायू पुष्कळ, अशा हवेचे. रक्ताची स्थिती त्याने सुधारणे शक्य नव्हते. तरीही त्या माणसांना हायसे वाटले आणि ती पुन्हा श्वास रोखू शकली! छातीचा पडदा हलला, एवढेच त्यांना पुरले.

म्हणून शेजाऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहण्यात अर्थ नाही. दोन आठवडे रोज मोजून आपला नेहमीचा आकडा काय आहे ते ठरवावे. समजा तो २४ आहे. एखाद्या सकाळी २० भरले तर त्याचे काही मानू नये. परंतु लागोपाठ तीन सकाळी १५-१६ वरच थांबत असेल आणि सकाळची नाडीही नेहमीपेक्षा सात-आठ ठोके अधिक पडत असेल, तर त्या दिवशी जोर-बैठकांऐवजी फिरावयास जावे व रात्री तासभर आधी अंथरुणावर पडावे. विश्रांती घेऊनही आकडा वर येत नसेल, दम लागत असेल, तर वहीऐवजी डॉक्टरांकडे जावे. ही परीक्षा रोगाचे निदान करीत नाही.

आपल्याकडे कुंभकाची परंपरा असल्यामुळे एक घोटाळा संभवतो. लोणावळ्यास १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करून स्वामी कुवलयानंदांनी प्राणायाम प्रयोगशाळेत तपासण्यास आरंभ केला. तो अभ्यासाचा विषय आहे आणि गुरूकडूनच शिकावा. येथे काही साधावयाचे नाही, केवळ वाचावयाचे आहे. रोज आकडा वाढविण्याची हौस धरली की परीक्षा निकामी होते.

हृदयविकार, अपस्मार किंवा दमा असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी ही परीक्षा डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये. आणि पाण्यात ती कोणीच करू नये. मे महिन्याच्या सुटीत विहिरीवर पोरे पैजा लावतात; बुडी मारण्यापूर्वी भराभर दहा-वीस खोल श्वास घेतात. त्याने प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही, कर्बाम्ल वायू मात्र धुऊन जातो. मग घंटा वाजतच नाही, आणि ती वाजण्यापूर्वीच मेंदूचा प्राणवायू संपून मुलगा पाण्याखाली निःशब्द बेशुद्ध होतो. चांगले पोहणारेही असेच गेले आहेत. घरी मुलांसमोर सेकंद मोजताना हे त्यांना अवश्य सांगावे.

वही साधी असावी: तारीख, झोपेचे तास, नाडी, सेकंद. नाक चोंदलेले असेल त्या दिवशी मोजण्याच्या भरीस पडू नये. सेकंदांच्या रकान्यात "सर्दी" एवढेच लिहावे.