शाळेच्या बँडनें काय वाजवावें?

स्नेहसंमेलनाच्या सायंकाळीं बँड रंगमंचावर बसतो, रचनेचें नांव पुकारलें जातें आणि टाळ्यांच्या गजरांत वादनास आरंभ होतो. श्रोत्यांच्या दृष्टीनें कार्यक्रम तेथें सुरू होतो. वस्तुतः त्या सायंकाळचें यशापयश कांहीं महिने अगोदर, बँडमास्तर स्वरलिपीचे कागद चाळीत बसलेला असतो, तेव्हांच बव्हंशीं ठरून गेलेलें असतें. ही निवड कशी करितात, हें विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींही जाणून घेण्यासारखें आहे. कारण निवडलेल्या चार-पांच रचनांवर मुलांचें अख्खें वर्ष खर्च व्हावयाचें असतें.

आपल्याकडे शाळेचा बँड म्हटला कीं संचलनापुढें चालणारें ढोल-बिगुलांचें पथक डोळ्यांपुढें येतें. कॉन्सर्ट बँड याहून निराळा. तो बसून वाजवितो व ऐकण्यासाठींच असतो. फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, कॉर्नेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, युफोनियम, ट्यूबा अशीं नानाविध सुषिर वाद्यें आणि त्यांच्या जोडीला ताडनवाद्यें त्यांत असतात. सर्व वाद्यांचे स्वर एकाखालीं एक मांडलेल्या पुस्तकास स्कोअर म्हणतात. प्रत्येक वादकापुढें मात्र त्याच्या वाद्यापुरता वेगळा कागद असतो, त्यास पार्ट म्हणतात.

निवडीचा पहिला प्रश्न ‘कोणती रचना उत्तम?’ हा नसून ‘आपल्यापाशीं वाजविणारे कोण आहेत?’ हा होय. रचनेंत ओबोचें एकलवादन असेल आणि शाळेंत ओबोच नसेल, तर पद आहे पण गवई नाहीं, अशी अवस्था व्हावयाची. जाणते रचनाकार याची सोय अगोदरच करून ठेवितात. दुर्मिळ वाद्याची सुरावट दुसऱ्या एखाद्या वाद्याच्या पार्टमध्यें बारीक टाइपांत छापलेली असते. मूळ वाद्य नसल्यास त्या वादकानें ती उचलावयाची. स्कोअर हातीं घेतांच अशा जागा प्रथम शोधाव्या.

या दूरदृष्टीचें सुंदर उदाहरण गुस्टाव्ह होल्स्ट या इंग्रज रचनाकाराचें आहे. हा स्वतः शिक्षक. १९०५ सालापासून लंडनच्या सेंट पॉल्स मुलींच्या शाळेंत तो संगीत शिकवीत असे. १९०९ सालीं त्यानें लिहिलेली ‘फर्स्ट सूट इन ई फ्लॅट’ ही रचना कमींत कमी १९ वादकांना वाजवितां यावी अशी बेतलेली आहे. त्यांखेरीज आणखी १६ पार्ट आहेत; ते असले तर नाद भरदार होतो, नसले तर रचनेचा सांगाडा मोडत नाहीं. लहान बँडलाही मोठ्या संगीताचा वांटा मिळावा, ही बुद्धि त्यामागें होती.

दुसरा प्रश्न कुवतीचा. प्रकाशक रचनांवर बहुधा १ ते ६ अशी श्रेणी छापतात. १ म्हणजे नवशिक्यांची, ६ म्हणजे निष्णातांची. परंतु सर्व प्रकाशकांचें माप एकच नसतें. म्हणून या आंकड्यावर विसंबून न राहतां प्रत्येक पार्ट स्वतः वाचून पाहावा. क्लॅरिनेटवर मधल्या सप्तकांत एक अवघड सांधा असतो. तेथें एका बोटानें वाजणाऱ्या स्वरावरून लगेच पुढच्या स्वराला जातांना जवळजवळ सारीं छिद्रें एकदम झांकावीं लागतात. सुरावट तो सांधा वारंवार ओलांडीत असेल तर नवख्या मुलाची त्रेधा उडते. कॉर्नेटचे स्वर ओठांच्या ताणावर निघतात. उंच स्वर सतत आले व मध्यें विश्रांति नसली, तर ओठ थकून शेवटीं स्वर फुटूं लागतात. हॉर्नचे वरचे स्वर एकमेकांस इतके लागून असतात कीं नेमका हवा तो साधणें थोरामोठ्यांनाही जड जातें. बँडांतील पुष्कळ वाद्यें बी फ्लॅट व ई फ्लॅट या स्वरांवर बांधलेलीं असल्यामुळें कोमल चिन्हांच्या पट्ट्या त्यांना सोप्या पडतात; बी फ्लॅटमधील रचना क्लॅरिनेटवाल्याच्या कागदावर सीच्या साध्या पट्टींत येते. म्हणून नवशिक्यांसाठीं अशा पट्ट्यांतील रचना घ्याव्या.

कुवतीबाहेरची निवड प्रौढांनाही कशी भोंवते, याची गोष्ट प्रसिद्ध आहे. पर्सी ग्रेंजर यानें १९३७ सालीं अमेरिकेंतील बँडमास्तरांच्या मिलवॉकी येथील संमेलनासाठीं ‘लिंकनशायर पोझी’ ही सहा भागांची रचना सिद्ध केली. आज ती बँडसंगीतांतील अलंकार मानली जाते. परंतु पहिल्या वादनाच्या दिवशीं तीनच भाग वाजले. विषम तालांनीं वादकांना जेरीस आणलें होतें. रचना थोर होती, पण थोर रचना आणि आपली रचना या दोन गोष्टी वेगळ्या.

अंथरूण पाहून पाय पसरावे, हें खरें. परंतु पाय कायमचे दुमडून ठेवावे असा त्याचा अर्थ नव्हे. कार्यक्रमांतील बहुतेक रचना मुलांना सुखानें पेलतील अशा असाव्या आणि एखादी त्यांना थोडें ताणून धरणारी असावी. तीहि प्रथम वाचतांना संथ लयींत कशीबशी शेवटपर्यंत जाते कीं नाहीं, हें पाहून घ्यावें. पहिल्या वाचनांतच ती जागोजाग कोसळत असेल तर पुढील वर्षासाठीं कपाटांत ठेवावी.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि बहुधा विसरला जाणारा. मागच्या रांगेंतील मुलाला काय मिळणार? पुष्कळ रचनांत सुरावट पुढच्या क्लॅरिनेट-कॉर्नेटांकडे असते आणि ट्यूबा बिचारा वर्षभर दोनच स्वर आळीपाळीनें फुंकीत राहतो. असें मूल कंटाळून वाद्य सोडतें आणि आपण म्हणतों, त्याला गोडी नव्हती! होल्स्टच्या उपर्युक्त रचनेंत पहिला भाग ज्या सुरावटीवर उभा आहे, ती सर्वांआधीं ट्यूबा व युफोनियम यांच्याच मुखांतून ऐकूं येते. एकंदर कार्यक्रमांत प्रत्येक वाद्याला निदान एकदा तरी बोलावयास मिळेल अशी निवड करणें, हा बँडमास्तराचा न्यायधर्म आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. स्वरलिपीचे कागद विकत घ्यावे. एक संच आणून त्याच्या नकला वांटूं नयेत. भारताच्या १९५७ च्या कायद्यानें रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षेंपर्यंत हक्क राखलेले असतात. होल्स्ट १९३४ सालीं वारला, तेव्हां त्याची मूळ रचना आपल्या देशांत खुली आहे. परंतु तिची कोणी अलीकडे नव्यानें केलेली मांडणी खुली असेलच असें नाहीं. शाळेनें संगीत शिकवितांना प्रामाणिकपणाहि शिकवावा.

पालकांस एवढीच विनंति कीं, ‘यंदा कांहीं अवघड वाजविलें नाहीं काय?’ असें मुलांस विचारूं नये. साधी रचना शुद्ध स्वरांत, एका श्वासांत, एकमेकांचें ऐकत वाजविणें हें मुळींच साधें काम नाहीं. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या पुढ्यांत जो कागद येईल, त्यांतील स्वर थोडे असोत वा पुष्कळ, ते तुमच्याकरितां विचारपूर्वक निवडलेले आहेत असें समजून वाजवा. कागदावर स्वर मुके असतात. त्यांना वाचा तुम्हींच द्यावयाची आहे.