तळ्याची ओहोटी

आमच्या आत्याचे सारे आयुष्य रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्राच्या काठी गेले. मागच्या हिवाळ्यात ती महिनाभर आमच्याकडे टी. टी. नगरला राहायला आली. न्यू मार्केट तिला आवडले, इथली थंडी मानवली, पोहे-जिलबीची न्याहारीसुद्धा पसंत पडली. पण संध्याकाळ झाली की गॅलरीत उभी राहून ती हटकून म्हणे, "सगळं आहे रे तुमच्या भोपाळात, पण किनारा नाही."

हे बोल मला लागत. १९५६ साली भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि ग्वाल्हेर, इंदूर, नागपूर येथल्या कचेऱ्यांतली कितीतरी मराठी माणसे इकडे बदलून आली. आमचे घर त्यांपैकीच. तात्या टोप्यांचे नाव मिरवणाऱ्या या वस्तीत आम्ही लहानाचे मोठे झालो, आणि किनारा म्हटला की आम्हाला बडा तालाबच आठवतो. शेवटी जानेवारीतल्या एका रविवारी, डब्यात दशम्या आणि लिंबाचे लोणचे भरून, मी आत्याला घेऊन उजाडता उजाडता निघालो.

भदभद्याला रिक्षा सोडली. १९६५ साली येथे अकरा दरवाजांचे धरण झाले. पावसाळ्यात तळे तुडुंब भरले की याच दरवाजांतून जादा पाणी कलियासोत नदीत सोडतात. जवळच वनविहाराचे एक फाटक आहे. एका अंगाला टेकडी, दुसऱ्या अंगाला तळे आणि मधून सुमारे पाच किलोमीटरचा रस्ता, असे हे ४४५ हेक्टरांचे रान. १९८३ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. शहराला इतके लगटून असलेले राष्ट्रीय उद्यान विरळाच.

वाघ, सिंह येथे मोठ्या कुंपणांत आहेत. चितळ, सांबर, नीलगायी मात्र मोकळ्या हिंडतात. एक चितळाचा कळप आमच्या समोरून रस्ता ओलांडून गेला, तेव्हा आत्या शाल सावरत स्तब्ध उभी राहिली. दरवेशांकडून सोडवून आणलेली अस्वले येथे ठेवतात, असे सांगितल्यावर मात्र तिचा चेहरा उतरला. "लहानपणी दारात आला की आम्ही टाळ्या वाजवायचो रे," एवढेच ती म्हणाली.

धुके विरले आणि डावीकडे पाणी उघडले. पलीकडचा काठ पुसट दिसत होता. कोलांस नदी अडवून अकराव्या शतकात राजा भोजाने हे तळे बांधविले, असे मानतात. भरले म्हणजे त्याचा पसारा सुमारे ३१ चौरस किलोमीटर होतो. आत्या बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "मोठं आहे खरं. पण याला भरती-ओहोटी कुठली?"

मी निरुत्तर झालो. उत्तर पुढच्या वळणावर मिळाले. तेथे पाणी थोडे मागे हटले होते आणि काठाशी ओल्या चिखलाचा पट्टा उघडा पडला होता. त्यावर लांब गुलाबी पायांचे शेकाटे डौलात चालत होते. एक तुतारी शेपूट हलवीत किडे टिपीत होती. पलीकडे वारकऱ्यांचा काळा मेळा तरंगत होता, पाणकावळे पंख पसरून ऊन खात बसले होते, आणि दूरवर केशरी रंगाची चक्रवाकांची जोडी होती. उंच पहाडांपलीकडून हे पाहुणे दर हिवाळ्यात येतात.

"अरे, ही तर आमच्याकडचीच मंडळी!" शेकाट्यांकडे बोट दाखवून आत्या उद्गारली. "खाडीत ओहोटी लागली की अशीच चिखलात उतरतात. मग तुमच्या तळ्याला ओहोटी नाही कशी?"

खरेच, ओहोटी आहे. फक्त ती वर्षातून एकदा येते. श्रावण-भाद्रपदात भरती, मग हिवाळाभर आणि उन्हाळाभर पाणी इंचाइंचाने उतरते, ते मृगापर्यंत. जसजसे उतरते तसतसा नवा चिखल उघडा पडतो, आणि त्या चिखलातच पाखरांचे ताट वाढलेले असते. दोनशेहून अधिक जातींचे पक्षी या पाणथळीत नोंदले आहेत ते यामुळेच. २००२ साली बड्या आणि छोट्या तालाबाला 'भोज पाणथळ' म्हणून रामसर यादीत स्थान मिळाले. सारस मात्र त्या दिवशी दिसला नाही. त्याला पश्चिमेकडचा उथळ, शेताकडे सरकत गेलेला काठ प्रिय.

दशम्या खाताना मी आत्याला सांगितले, की उतरत्या पाण्यामागे माणसेही सरकतात. उघडी पडलेली जमीन कुणाला रिकामी वाटते. कुणी ती नांगरतो, कुणी भर घालतो, कुणी भिंत बांधतो. आत्या पटकन म्हणाली, "ओहोटीला उघडी पडते ती जागा कुणाची नसते रे. समुद्राने ती थोडा वेळ दाखवलेली असते. त्यावर घर बांधणाऱ्याला आमच्याकडे वेडा म्हणतात."

बोट क्लबकडच्या फाटकातून बाहेर पडलो तेव्हा ऊन चांगलेच तापले होते. तळ्याच्या पाण्यासाठी आणि पाखरांसाठी येथील यांत्रिक बोटी थांबवाव्यात, असा आदेश २०२३ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिला. पाण्याचा विचार झाला, हे बरेच झाले. पण पाण्याच्या कडेचा चिखलही तळ्याचाच, हे अजून आपल्या मनात रुजायचे आहे. भोपाळच्या मोठ्या भागाची तहान हे तळे भागवते. त्याची कड बुजली तर पाखरे जातील, आणि पुढच्या भरतीला पसरायला पाण्याला जागा उरणार नाही.

आत्या कोकणात परतली. मे महिन्यात तिचा फोन आला. ख्यालीखुशाली झाल्यावर तिने विचारले, "तुमची ओहोटी कुठवर आली?"

तळ्याची पातळी पेपरात रोज छापून येते, १६६६.८० फूट म्हणजे तळे भरले. इतकी वर्षे तो आकडा मी नळाच्या काळजीने वाचीत होतो. त्या दिवशी प्रथमच पेपर बाजूला ठेवून, किनारा पाहायला म्हणून मी भदभद्याची रिक्षा धरली.