मोटार शिकविणारा गुरु

जो उत्तम मोटार चालवितो, तो ती उत्तम शिकवीलच असें नाहीं. पांडित्य आणि अध्यापन यांत जो भेद, तोच येथेंही आहे. आणि येथें गुरूच्या उणिवेची झळ शिष्याबरोबर वाटसरूलाही पोहोंचते.

ब्रिटनमध्यें हा भेद नियमांनींच मानिला आहे. तेथें नोंदणीकृत मोटार-शिक्षक होण्यास तीन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली ज्ञानाची, दुसरी स्वतःच्या चालविण्याची. तिसरी मात्र केवळ शिकविण्याची! उमेदवार शिष्यास प्रत्यक्ष धडा देतो आणि परीक्षक मागें बसून पाहतो. धड्याची आंखणी, धोक्याचें नियमन व शिकविण्याची पद्धत यांतील १७ बाबींस ५१ गुण. पैकीं ३१ हवेत. धोक्याच्या भागांत १५ पैकीं ८ न मिळाल्यास बाकीचे गुण व्यर्थ होत.

आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें मोटार-शाळेच्या शिक्षकास दहावीपर्यंतचें शिक्षण, पांच वर्षांचा अनुभव आणि मोटारीच्या यंत्रज्ञानाचें प्रमाणपत्र लागतें.

आमची सूचना एवढीच कीं, मुलास, मुलीस वा सुनेस शिकावयास धाडण्यापूर्वीं तें प्रमाणपत्र पाहावें. शिक्षकाच्या पायाशीं दुसरा ब्रेक आहे ना, हेंही पाहावें. मग एके दिवशीं घरांतील जाणत्या माणसानें मागील आसनावर बसावें. चूक होतांच शिक्षक कारण समजावून देतो, कीं नुसता ओरडतो? ओरडणाऱ्याच्या हातीं घरचें माणूस सोंपवूं नये.