संगणकाचा पडदा आणि फायलीची मालकी



शाळेच्या संगणक-खोलीत हा प्रसंग आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. यंत्र चालू केले, पडदा उजळला, नाव आणि परवलीचा शब्द विचारणारी चौकट आली. शब्द टाइप करून एंटरची कळ दाबली. पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा तीच चौकट समोर! परवलीचा शब्द चुकला म्हणावे, तर तशी सूचना नाही. दहा वेळा करून पाहावे आणि दहाही वेळा उंबरठ्यावरूनच परत यावे.

एका तालुक्याच्या गावी मी असेच एक यंत्र पाहिले. लिनक्स मिंट या प्रणालीवर ते चालत होते. जुनी डिस्क खराब होऊ लागली म्हणून मदतीला आलेल्या एका होतकरू मुलाने नवी डिस्क बसवली, प्रणाली नव्याने घातली, 'शाला' नावाचे खाते उघडले आणि जुन्या डिस्कवरचा सगळा संसार त्या खात्यात उतरवला. पाच वर्षांच्या गुणपत्रिका त्यात होत्या. तेव्हापासून 'शाला' हे खाते उघडेना. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने निदान केले : "पडद्याचे कार्ड गेले आहे. नाहीतर सगळे पुसून पुन्हा घालावे लागेल." मुख्याध्यापिकाबाई हवालदिल झाल्या होत्या. कार्डाचे पैसे परवडणारे नव्हते, आणि पुसून टाकणे तर त्याहून नव्हते, कारण जुनी डिस्क एव्हाना पुरती बंद पडली होती.

आता जरा विचार करू. कार्ड गेले असते, तर परवलीचा शब्द विचारणारी ती रंगीत चौकट तरी कशी दिसली असती? शिवाय त्याच यंत्रावर त्या मुलाचे स्वतःचे दुसरे खाते होते. त्याच्या नावाने आत गेलो, तर सगळे चित्र लख्ख! म्हणजे पडदा ठीक, तार ठीक, कार्डही ठीक. दोष होता तो एका खात्यापुरता. असा प्रसंग आला तर आधी हेच करून पाहा. दुसऱ्या नावाने आत जाता येते का? येत असेल, तर पेचकस खाली ठेवा.

मग दोष कुठे? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली युनिक्स या प्रणालीचे काम सुरू झाले. त्या काळी एकेक संगणक खोलीएवढा किंवा कपाटाएवढा असे, आणि एकाच यंत्रावर अनेक माणसे काम करीत. तेव्हा कोणाची फाइल कोणी वाचावी, कोणी बदलावी, याचे नियम यंत्रातच घालावे लागले. १९९१ साली आलेल्या लिनक्सने तीच पद्धत उचलली.

ही पद्धत शेतकऱ्याला समजावून सांगायला फार सोपी आहे, कारण आपल्याकडे सातबारा आहे. प्रत्येक फायलीचा जणू एक उतारा असतो. त्यावर मालकाचे नाव, त्याच्या गटाचे नाव, आणि मालक, गट व इतर लोक या तिघांना काय करण्याची मुभा आहे, याची नोंद असते. मुभा तीन प्रकारच्या : वाचण्याची, लिहिण्याची आणि चालवण्याची. वाचण्याला ४, लिहिण्याला २ आणि चालवण्याला १ असे अंक दिले आहेत, आणि त्यांची बेरीज करून मुभा सांगतात. ६०० म्हणजे मालकाला वाचता-लिहिता येईल, बाकी कोणालाही काहीच नाही. ६४४ म्हणजे मालक वाचील-लिहील, इतर फक्त वाचतील. या सगळ्यांच्या वर 'रूट' नावाचा सर्वाधिकारी. त्याला नियम आडवे येत नाहीत. 'सुडो' हा शब्द आज्ञेच्या आधी लावला की ती आज्ञा आपण रूटच्या अधिकाराने देतो.

त्या मुलाने जुना संसार उतरवला तो सुडो लावूनच. हेतू चांगला होता, पण नक्कल जो करतो, नवी फाइल त्याच्या नावावर चढते. जुनी मालकी कायम ठेवायला नकलेच्या आज्ञेला वेगळी खूण जोडावी लागते. ती त्याने जोडली नव्हती. परिणाम असा की, घर 'शाला'चे आणि घरातल्या जवळजवळ प्रत्येक भांड्यावर नाव रूटचे!

पण गुणपत्रिकांवर रूटचे नाव लागले, म्हणून पडदा का अडावा? अडला तो गुणपत्रिकांमुळे नव्हे. त्या पसाऱ्यात 'एक्स-ऑथॉरिटी' नावाची एक लहानशी फाइल होती. तिच्या नावाच्या आधी टिंब असते, त्यामुळे ती एरवी नजरेस पडत नाही. लिनक्समध्ये पडद्यावर चित्र काढण्याचे काम करणारी 'एक्स' ही व्यवस्था १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात सुरू झाली. वाटेल त्या प्रोग्रॅमने पडद्यावर येऊन रेघोट्या ओढू नयेत, म्हणून ती प्रत्येकाकडे बिल्ला मागते. यात्रेत चपला ठेवल्यावर मिळतो ना, तसाच. हा बिल्ला म्हणजे १२८ बिटांची एक यदृच्छ संख्या. तुम्ही आत शिरता त्या वेळी नवा बिल्ला तयार होतो आणि तुमच्या घरातल्या त्या एक्स-ऑथॉरिटी फायलीत लिहिला जातो. लिहायचा तो तुमच्या अधिकाराने.

आता पाहा. फाइल रूटच्या मालकीची, मुभा ६००. 'शाला'ला तिच्यात लिहिता येत नाही, ती वाचताही येत नाही. बिल्ला लिहिला जात नाही, म्हणून पडद्यावरचे काम सुरूच होत नाही, आणि द्वारपाल गुपचूप तुम्हाला पुन्हा दाराशी आणून सोडतो. काही कारण सांगत नाही, हीच यातली खरी गैरसोय. एक ओळ छापली असती, तर दुरुस्तीवाल्याची फेरी वाचली असती.

खात्री कशी करावी ते सांगतो. नाव विचारणारी चौकट समोर असताना कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या तीन कळा एकदम दाबा. चित्र जाईल आणि काळ्या पडद्यावर साध्या अक्षरांत नाव विचारले जाईल. तिथे खात्याचे नाव आणि परवलीचा शब्द द्या. शब्द टाइप करताना एकही टिंब उमटत नाही. घाबरू नका, अक्षरे आत जात असतात. इथे प्रवेश मिळाला, म्हणजे परवलीचा शब्दही बरोबर आहे हे सिद्ध झाले. मग इंग्रजी लहान लिपीत एल, एस, मोकळी जागा, आडवी रेघ, एल, ए असे टाइप करून एंटर दाबा. फायलींची यादी येईल. ओळीतला तिसरा शब्द मालकाचा आणि चौथा गटाचा. तिथे आपल्या खात्याच्या नावाऐवजी 'रूट' दिसले, की चोर सापडला. अपवाद एकच : दोन टिंबांची जी ओळ असते ती वरच्या फोल्डरची, आणि तिच्यावर रूटचेच नाव असायचे.

याच वेळी आणखी एक गोष्ट पाहून घ्या. डी, एफ, मोकळी जागा, आडवी रेघ, एच ही आज्ञा दिली की डिस्क किती भरली ते कळते. १०० टक्के भरली असेल, तर बिल्ला लिहायला जागाच नाही, आणि लक्षण मात्र हुबेहूब हेच! अशा वेळी मालकी बदलून काही होणार नाही, अडगळ काढावी लागेल.

उपाय लहान आहे. ज्या खात्याला सुडो वापरण्याचा अधिकार आहे, त्यातून आज्ञा द्यायची : सुडो, मग सी-एच-ओ-डब्ल्यू-एन, मग आडवी रेघ आणि मोठ्या लिपीतला आर, मग 'शाला' विसर्गचिन्ह 'शाला', आणि शेवटी तिरकी रेघ, होम, तिरकी रेघ, शाला. प्रत्येक भागानंतर एक मोकळी जागा. मात्र विसर्गचिन्हाच्या आजूबाजूला किंवा तिरक्या रेघेने सुरू होणाऱ्या शेवटच्या भागाच्या आत अजिबात नाही. 'शाला'च्या जागी अर्थातच आपल्या खात्याचे नाव. अर्थ एवढाच की, या घरातील आतबाहेरचे सगळे 'शाला'च्या नावावर चढवा. नुसती तिरकी रेघ लिहून पुढचे विसरलात, किंवा मध्ये जागा सोडलीत, तर मात्र अख्ख्या प्रणालीची मालकी बदलेल आणि दुखणे दसपट होईल. म्हणून एंटर दाबण्यापूर्वी ओळ मोठ्याने वाचा. वर्गात वाचून घेतो तशी.

त्या शाळेत एवढेच केले. कंट्रोल, ऑल्ट, एफ-७ दाबून चित्राकडे परत आलो, परवलीचा शब्द दिला, आणि बाईंचा नेहमीचा पडदा उघडला. काही यंत्रांवर परत येण्याची कळ एफ-७ ऐवजी एफ-१ असते. सगळ्या लिनक्समध्ये बिल्ल्याची जागा एकच असते असेही नाही. मिंटमधला 'लाइटडीएम' हा द्वारपाल तो घरात ठेवतो, तर उबुंटूमध्ये २०१७ च्या १७.१० आवृत्तीपासून आलेला 'जीडीएम' तो वेगळ्या तात्पुरत्या जागी ठेवतो. तिथे ही एक फाइल आडवी येणार नाही, पण घरातली बाकी मांडणी रूटच्या नावावर असेल, तर पडदा उघडूनही चित्रे, अक्षरांचा आकार, पट्ट्या यांत केलेला बदल टिकत नाही.

एका उपायापासून मात्र कटाक्षाने दूर राहा. "सगळ्यांना सगळी मुभा द्या, म्हणजे ७७७ करा," असा सल्ला जाणकार म्हणवणारेही देतात. घराला कुलूप लागेना म्हणून दारच उखडून टाकावे, त्यातला हा प्रकार. अख्ख्या डिस्कवर ही आज्ञा चालवली, तर सुडो स्वतःच काम करायचे नाकारतो, कारण त्याच्या प्रोग्रॅमवरची खास खूण पुसली जाते. म्हणजे दुरुस्तीचे हत्यारही गेले!

सर्वांना मोकळीक असणारी जागा लिनक्समध्ये आहे, पण तिलाही नियम आहे. 'टेंप' नावाचा सामाईक फोल्डर म्हणजे जणू धर्मशाळा. कोणीही यावे, सामान ठेवावे. पण ज्याचे सामान त्यानेच उचलावे, दुसऱ्याने हात लावू नये. त्यासाठी त्याची मुभा १७७७ असते. पहिल्या १ चा अर्थच तो. ही मुभा चुकून ७५५ झाली, तर रूटखेरीज कोणालाच तिथे काही ठेवता येत नाही आणि तेव्हाही पडदा उघडत नाही. फरक असा की, आता एकच खाते नव्हे, तर सगळीच खाती दारातून परत येतात.

मराठीच्या शिक्षकांना आणखी एक प्रकार भेटतो. पेनड्राइव्हवरून देवनागरी फॉन्ट आणला, सुडो लावून प्रणालीच्या फॉन्ट-फोल्डरमध्ये ठेवला, आणि तरी यादीत त्याचे नाव नाही. यंत्रात दुसरा देवनागरी फॉन्ट नसेल, तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. फॉन्टला दोष देण्याआधी उतारा पाहा. फायलीवर ६०० असेल, तर ती एकट्या रूटला वाचता येते, मुलांच्या खात्यांना नाही. फायलीला ६४४ आणि ती ज्या फोल्डरात आहे त्याला ७५५ करा. फोल्डरला चालवण्याची मुभा म्हणजे आत शिरण्याची मुभा, म्हणून तिथे तो जादा १ लागतो. मग एफ-सी, आडवी रेघ, कॅश ही आज्ञा देऊन फॉन्टची नोंदवही ताजी करा, लेखनाचा प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा, आणि यादीत त्या फॉन्टचे नाव शोधा.