विश्लेषण : ‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणजे नेमके काय बंद असते?

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ ग्रामपंचायत, तलाठी कार्यालय, टपाल कार्यालय, बँकेची शाखा किंवा रेशन दुकान. यांपैकी कुठेच हे वाक्य ऐकले नाही असा माणूस ग्रामीण महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगाव बांधसारख्या जंगलपट्ट्यातील गावात या वाक्याची किंमत जरा जास्त पडते. आसपासच्या टोल्यांवरून येणाऱ्याची दिवसाची मजुरी बुडते, येण्याजाण्याचे भाडे जाते. आधारभूत किमतीने धान विकण्यासाठी ऑनलाइन नोंदणी लागते, नोंदणीला सातबारा लागतो आणि नोंदणीला मुदत असते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी मिळालेला ‘उद्या’ काही कामाचा नसतो. गंमत अशी, की बंद असल्याचे सांगितला जाणारा सर्व्हर अनेकदा व्यवस्थित चालू असतो. बंद असते ते दुसरेच काहीतरी, आणि ते कधी कधी त्याच खोलीत असते.

सर्व्हर असतो तरी कुठे?

सातबारा, दाखले, बँकेचे खाते यांची माहिती ज्या सर्व्हरवर असते, तो दूरच्या डेटा सेंटरमध्ये असतो. गावातला कॉम्प्युटर फक्त तिथून माहिती मागवतो. नवेगाव बांधच्या माणसाला हे समजावायला तलावाचेच उदाहरण पुरे. बांधीत पाणी आले नाही, तर तलाव आटला असे कोणी लगेच म्हणत नाही. आधी बांधीचे तोंड पाहिले जाते, मग पाट कुठे फुटला का ते, आणि सर्वात शेवटी तलाव. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र कार्यालये नेमका उलटा क्रम लावतात.

दुसऱ्या प्रकारचा ‘सर्व्हर’ कार्यालयातच असतो. एका कॉम्प्युटरवर सगळ्या फाइल असतात, त्यालाच प्रिंटर जोडलेला असतो आणि बाकीचे कॉम्प्युटर त्याच्याशी जोडलेले असतात. दोन्ही प्रकारांत स्क्रीनवर ‘कनेक्ट होत नाही’ अशाच अर्थाचा संदेश येतो. म्हणून गोंधळ वाढतो.

पहिली तपासणी कोणती?

कॉम्प्युटरला हात लावण्याआधी एक प्रश्न विचारायचा : बंद एकच आहे की सगळे? एकच कॉम्प्युटर अडला असेल, तर दोष त्याच्यात किंवा त्याच्या केबलमध्ये. सगळेच अडले असतील, तर राऊटर, स्विच किंवा बाहेरून येणारी लाइन. या एका प्रश्नाने निम्मे काम होते, आणि नेमका तोच विचारला जात नाही.

एकच अडला असेल तर मागच्या बाजूला, जिथे केबल खोचलेली असते तिथले छोटे दिवे पाहावेत. दिवा लागत नसेल तर केबल सैल आहे, उंदराने कुरतडली आहे किंवा पोर्ट गेला आहे. पूर्व विदर्भात पावसाळ्यात विजा कडाडून गेल्या की पोर्ट जळण्याचे प्रकार होतात. बाकी कॉम्प्युटर ठणठणीत, फक्त ती जागा मृत. अशा वेळी अख्खा मदरबोर्ड बदलण्याची गरज नसते. यूएसबीला लावायचा लॅन अडॅप्टर काही शे रुपयांत मिळतो आणि काम चालते.

सगळे अडले असतील तर फायबरच्या डब्याकडे वळावे. त्यावर ‘लॉस’ नावाचा दिवा लाल झाला असेल, तर बाहेरून प्रकाशच येत नाही : फायबर तुटली आहे, वाकली आहे किंवा निघाली आहे. मग डबा दहादा बंद-चालू करून उपयोग नाही. कंपनीला फोन करणे हाच उपाय. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली, पुढे तिचे नाव ‘भारतनेट’ झाले. पण रस्त्याच्या कामाला आलेल्या जेसीबीला जमिनीखालची योजना दिसत नाही.

एक विचित्र बिघाड झाडलोटीनंतर होतो. लोंबकळणारे केबलचे टोक कोणीतरी सद्हेतूने स्विचमध्ये खोचून देतो, आणि त्या केबलचे दुसरे टोक आधीच त्याच स्विचमध्ये असते. माहिती मग गोल गोल फिरत राहते, स्विचचे सगळे दिवे एकसाथ लुकलुकतात आणि अख्खे कार्यालय ठप्प. उपाय : ती केबल काढणे.

१६९.२५४ हा आकडा काय सांगतो?

दिवे ठीक असतील तर विंडोजच्या ‘कमांड प्रॉम्प्ट’मध्ये ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी. कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता दिसतो. बहुतेक छोट्या कार्यालयांत तो १९२.१६८ ने सुरू होतो आणि राऊटरने दिलेला असतो. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राऊटरकडून उत्तर आले नाही म्हणून कॉम्प्युटरने स्वतःच पत्ता ठरवून घेतला आहे. म्हणजे घोळ कॉम्प्युटर आणि राऊटर यांच्या मधल्या काही मीटरमध्ये आहे. दूरच्या सर्व्हरचा इथे काडीचा संबंध नाही.

पत्ता बरोबर असेल तर ‘पिंग’ आज्ञेने आधी राऊटरला हाक मारावी, मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, उदाहरणार्थ गुगलच्या ८.८.८.८ ला. राऊटर उत्तर देतो आणि बाहेरचा देत नाही, तर बहुधा बाहेरची लाइन गेली आहे. मात्र पिंगला उत्तर दिले नाही म्हणजे सर्व्हर बंदच, असे नाही. सुरक्षेसाठी अनेक सर्व्हर पिंगला मुद्दाम गप्प राहतात.

इंटरनेट आहे, तरी साइट उघडत नाही?

दोन संशयित. पहिला डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता शोधून देणारी व्यवस्था. ती कोलमडली की सर्व्हर जागेवर असूनही सापडत नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद पडले, तेव्हा त्यांच्या सर्व्हरकडे जाणारे रस्तेच चुकीच्या आज्ञेने पुसले गेले होते आणि नावावरून पत्ताही मिळेनासा झाला होता.

दुसरा संशयित कोणाच्या डोक्यातही येत नाही : घड्याळ. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली, की वीज गेल्यावर तारीख काही वर्षे मागे जाते. सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. कॉम्प्युटरच्या तारखेनुसार ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नसते, म्हणून ब्राउझर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असे सांगून वाट अडवतो. भारनियमन आणि जुने कॉम्प्युटर एकत्र असतील तिथे स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख आधी पाहावी. ‘सीआर २०३२’ ही बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते.

कार्यालयातलाच ‘सर्व्हर’ हरवला तर?

फाइल असलेला कॉम्प्युटर जेवणाच्या सुटीत झोपी गेला, ही यातली सर्वात साधी शक्यता. पॉवरच्या सेटिंगमध्ये ‘स्लीप’ बंद ठेवले की हा प्रश्न मिटतो. राऊटर बंद-चालू झाल्यावर त्या कॉम्प्युटरला नवा पत्ता मिळाला आणि बाकीचे जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत बसले, हेही होते. त्याला राऊटरमध्ये कायमचा पत्ता राखून ठेवता येतो.

अलीकडची डोकेदुखी अपडेटची आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने पासवर्डविना उघडणाऱ्या सामायिक फोल्डरना बऱ्याच ठिकाणी मज्जाव केला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपल्याने कार्यालये नव्या आवृत्तीकडे वळत आहेत, आणि कालपर्यंत चालणारे फोल्डर आज उघडत नाहीत. योग्य उपाय म्हणजे फाइलच्या कॉम्प्युटरवर पासवर्डसह खाते तयार करणे. व्हिडीओ पाहून फायरवॉल बंद करणे किंवा ‘एसएमबी १’ ही जुनी पद्धत पुन्हा सुरू करणे हा उपाय नव्हे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस सुमारे १५० देशांत पसरला, तो याच जुन्या पद्धतीतल्या छिद्रातून. मायक्रोसॉफ्टने ते छिद्र बुजवणारे अपडेट दोन महिने आधीच दिले होते. अनेकांनी ते घेतले नव्हते.

आणि सर्व्हर खरोखरच डाऊन असेल तर?

ओळखता येते. बाकी साइट उघडतात, ही एकच नाही. मोबाइलच्या डेटावरही नाही. आणि स्क्रीनवर ५०२, ५०३ किंवा ५०४ हा आकडा येतो. म्हणजे इथून निघालेली मागणी पलीकडच्या दारापर्यंत पोहोचली, आतून उत्तर आले नाही. गर्दीच्या दिवशी हे घडते आणि त्यात गावातला कर्मचारी काहीच करू शकत नाही. याउलट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर साइट उघडली, तर दोष कार्यालयाच्या जोडणीत आहे. काही सरकारी प्रणाली ठरावीक नेटवर्कवरूनच चालतात, त्यांना ही कसोटी लागू नाही.

खिडकीबाहेरच्या माणसाच्या हातातही काही गोष्टी आहेत. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमी संकेतस्थळावरून १५ रुपयांत मोबाइलवर घेता येतो. अधिसूचित सेवेसाठी अर्ज केला असेल, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अर्जाची पोच मागता येते आणि सेवेची मुदत त्या अर्जाशी बांधली जाते. सेवा वेळेत मिळाली नाही किंवा नाकारली गेली, तर ३० दिवसांत पहिले अपील करता येते. पुरेशा कारणाविना विलंब झाल्याचे ठरले, तर अधिकाऱ्याला ५०० ते ५ हजार रुपये दंड होऊ शकतो. म्हणून ‘उद्या या’ ऐकून परतण्याआधी अर्ज लेखी देऊन तारखेची पोच घ्यावी, आणि स्क्रीनवरच्या संदेशाचा आकडा व वेळ त्याच कागदावर लिहून ठेवावी.