मोहोराखालचा माणूस

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने देवगडच्या बागांत तयार आंब्याचा सडा पाडला. ते नुकसान सगळ्यांनी पाहिले. बदलत्या हवामानाचा दुसरा मार मात्र कुठल्याच पंचनाम्यात येत नाही, कारण तो माणसाच्या रक्तात उतरतो.

पाऊस वेळेत थांबला आणि रात्री गारवा आला, की हापूसच्या जून पानांत मोहोराचा संकेत तयार होऊन फांदीच्या टोकाशी पोचतो. पाऊस लांबला तर तिथे पालवी फुटते आणि मोहोर मागे पडतो. पुढे थंडी रेंगाळली तर फळे धरलेल्या झाडाला पुन्हा मोहोर येतो. अन्न तिकडे वळते आणि वाटाण्याएवढी फळे गळतात. मग एकाच बागेत पालवी, मोहोर आणि कैरी एकदमच दिसतात. तुडतुडे आणि फुलकिडे यांना महिनोन्‌महिने खाद्य मिळते, ढगाळ हवेत भुरी आणि करपा यांचेही फावते. कोकण कृषी विद्यापीठाचे वेळापत्रक साधारण सहा फवारण्यांचे; अशा वर्षी बागायतदार त्यावर आणखी फवारण्या करतो.

त्या करणारा असतो गडी. जुनी कलमे उंच, म्हणून पंपाची गन आभाळाकडे रोखलेली. शेंड्यावर न टिकलेला फवारा त्याच्याच मानेवर, दंडावर, पावलांवर उतरतो. दमट हवेत अंगभर रबरी कपडे सोसवत नाहीत आणि घामाने भिजलेल्या सदऱ्यातून औषध कातडीत मुरते. यातली ऑर्गनोफॉस्फेट गटाची औषधे कोलिनेस्टरेज हे विकर बंद पाडतात. मज्जातंतूचा निरोप पोचल्यावर तो पुसून टाकणे हे या विकराचे काम. ते थांबले, की स्नायू आणि ग्रंथी यांना निरोप येतच राहतात: घाम, लाळ, मळमळ, बारीक झालेल्या बाहुल्या आणि विषबाधा तीव्र असेल तर श्वासच अडतो. सौम्य त्रास ऊन लागले म्हणून अंगावर काढला जातो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक माणसे दगावली, हे आपण विसरता कामा नये.

उपाय हाताशी आहेत. गर्द सावलीत तुडतुडे माजतात. जुन्या कलमांची शास्त्रीय छाटणी केली, की ऊन-वारा आत खेळतो, कीड कमी होते, झाड बुटके राहते आणि डोक्यावर औषध बरसत नाही. फवारणी सकाळी, वाऱ्याची दिशा पाहून करावी. काम संपताच साबणाने अंघोळ करावी, कपडे वेगळे धुवावेत.

दुसरा उपाय रक्ताच्या तपासणीचा. कोलिनेस्टरेजची पातळी माणसागणिक वेगळी असते, म्हणून हंगामाआधी एकदा मोजून ठेवली तरच नंतरची घट कळते. ही तपासणी दिवाळीच्या सुमारास गावातल्या आरोग्य केंद्रात व्हावी आणि तिचा खर्च औषधाच्या खर्चाशेजारी बागेच्या हिशेबात धरावा. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या हापूसच्या पेटीला जो भाव येतो, त्यात फवारणाऱ्याच्या श्वासाची काळजी घेण्याइतके पैसे नक्कीच आहेत.