मांजराची फळी आणि घुबडाची वादी

प्राणी-कॅफे म्हणजे चहा-कॉफीच्या निमित्ताने जिवंत प्राण्यांचा सहवास देणारी जागा. येथे पेयाला दुय्यम स्थान असते आणि पैसे बहुधा आत घालवलेल्या वेळेप्रमाणे, अर्ध्या तासाच्या किंवा तासाच्या हिशेबाने, घेतले जातात. या व्यवसायाचे नाव आज जपानशी जोडले गेले असले, तरी त्याचा उगम तैवानमधला आहे. १९९८ मध्ये तैपेई येथे पहिला मांजर-कॅफे निघाला, जपानी पर्यटकांनी तो डोक्यावर घेतला आणि २००४ मध्ये ओसाकात जपानमधला पहिला 'नेको काफे' उघडला ('नेको' म्हणजे मांजर). भाड्याच्या अनेक घरांत प्राणी पाळण्यास असलेली मनाई, छोट्या खोल्या आणि कामाचे लांबलचक तास यांमुळे ज्यांना मांजर हवे असूनही पाळता येत नव्हते, अशांची त्या देशात वाण नव्हती. त्यामुळे ही कल्पना तेथे झपाट्याने रुजली.

चांगल्या मांजर-कॅफेची रचना पाहण्यासारखी असते. प्रवेशाला एकामागे एक अशी दोन दारे असतात आणि पहिले बंद झाल्याशिवाय दुसरे उघडायचे नसते, म्हणजे मांजर रस्त्यावर निसटत नाही. पादत्राणे बाहेर काढावी लागतात, हात धुवावे लागतात. झोपलेल्या मांजराला उठवू नये, उचलून घेऊ नये, छायाचित्र काढताना झगझगीत प्रकाश पाडू नये, असे नियम आधीच सांगितले जातात. तथापि या खोलीतील सर्वांत महत्त्वाची वस्तू दारापाशी नसून भिंतीवर, छताच्या जवळ असते: हाताच्या टप्प्याबाहेर ठोकलेली लाकडी फळी. मांजर दिवसाचे बारा तास किंवा त्याहूनही अधिक काळ झोपते आणि त्याला माणसांचा कंटाळा आला की ते पायऱ्यापायऱ्यांनी या फळीवर चढून, शेपटी अंगाभोवती घेऊन, खालच्या जगाकडे पाठ फिरवते. पाहुण्याने पैसे मोजलेले असले, तरी मांजरावर येऊन बसण्याची सक्ती नसते, आणि या व्यवसायात जे काही सभ्य आहे ते या एका फळीवर टेकलेले आहे. काही ठिकाणी तर 'होगो' म्हणजे सांभाळ केलेली, टाकून दिलेली मांजरे ठेवली जातात आणि पाहुणा त्यांपैकी एखादे रीतसर दत्तक घेऊ शकतो. या प्रकाराचे कौतुक मोकळ्या मनाने करावयास हवे.

जपानी कायद्यानेही या फळीची दखल घेतली आहे. २०१२ च्या नियमांनुसार कुत्री आणि मांजरे रात्री ८ ते सकाळी ८ या वेळेत प्रदर्शनात ठेवण्यास बंदी आली. मात्र एक वर्षावरील मांजरांना, ती मोकळी फिरू शकत असतील आणि त्यांना विसाव्याची जागा असेल तर, रात्री १० पर्यंत सवलत मिळाली.

साधारण त्याच सुमारास टोकियोत घुबड-कॅफे दिसू लागले. महाराष्ट्रात घुबडाचे ओरडणे आजही अनेक घरांत अशुभ मानले जाते. जपानी भाषेत मात्र 'फुकुरो' या नावातून 'कष्टाविना' असाही अर्थ निघत असल्याने तो पक्षी शुभ ठरला आहे. या कॅफेत घुबडे ओळीने खुंट्यांवर बसलेली असतात आणि पाहुण्याने बोटांची मागची बाजू हलकेच त्यांच्या डोक्यावरून फिरवावी अशी सूचना असते. नजर डोक्यावरून खाली, पायांपर्यंत नेली की चामड्याची वादी दिसते. शिकारी ससाणे बाळगणाऱ्यांकडून आलेले हे साधन असून, दोन्ही पायांना एकेक पट्टी, पट्ट्यांना पीळ पडू नये म्हणून मध्ये फिरती कडी आणि कडीपासून खुंटीपर्यंत आखूड दोरी, अशी त्याची जोडणी असते. दोरीची लांबी हीच त्या पक्ष्याच्या जगाची त्रिज्या.

ज्याच्या पायात ही वादी अडकवली जाते त्या देहाची घडण विलक्षण आहे. घुबडाचे डोळे खोबणीत फिरत नाहीत, म्हणून मान सुमारे २७० अंशांपर्यंत वळते. माणसाच्या मानेत सात मणके असतात, तर त्याच्या मानेत चौदा. पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते असल्याने उडताना आवाज जवळजवळ होत नाही, आणि गव्हाणी घुबडाचे दोन कान वरखाली असल्यामुळे ते मिट्ट काळोखात केवळ खसफस ऐकून उंदीर टिपू शकते. अशा कानांना दिवसभर माणसांची कुजबुज आणि कपबश्यांचा खणखणाट सोसावा लागतो. पिसे अंगालगत आवळून, डोळे अर्धे मिटून, ताठ राहणे ही अनेक घुबडांची धोक्याच्या वेळी लपण्याची रीत आहे. पाहुणे मात्र त्या स्थितीला शांतपणा समजून छायाचित्र घेतात. वर सांगितलेली रात्रीच्या प्रदर्शनाची बंदीही घुबडांना लागू नाही, ती कुत्र्यामांजरांपुरतीच आहे. २०२१ मध्ये एका कर्मचाऱ्यामागे किती प्राणी असावेत याची संख्या ठरली, तीही याच दोघांसाठी.

पाणमांजराची कथा याहून कठीण आहे. कोकण-गोव्याच्या खाड्यांत ज्याचे मोठे भाऊबंद वावरतात आणि जे स्वतः पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातील ओढ्यांत राहते, ते लहान नखांचे पाणमांजर जपानी कॅफेंत लोकप्रिय झाले आणि आग्नेय आशियातून पिल्लांची चोरटी वाहतूक सुरू झाली. २०१७ मध्ये बँकॉकच्या विमानतळावर जपानकडे निघालेल्या सामानात अशी दहा पिल्ले सापडली. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या 'साइटीस' करारात २०१९ मध्ये, भारत ज्यांत सहभागी होता अशा प्रस्तावांवरून, हे लहान नखांचे आणि खाड्यांतले त्याचे मोठे भाऊबंद अशा दोन्ही पाणमांजरांना पहिल्या परिशिष्टात, म्हणजे व्यापारी देवघेव निषिद्ध असलेल्या यादीत, टाकण्यात आले. जपानमध्येच जन्मलेल्या पिल्लांचा प्रश्न त्यामुळे मिटत नाही, कारण चोरून आणलेले पिल्लू आणि पिंजऱ्यात जन्मलेले पिल्लू यांत पाहुण्याला फरक कळू शकत नाही. दक्षिण कोरियाने डिसेंबर २०२३ पासून कॅफेंमध्ये वन्य प्राणी ठेवण्यास बंदी घातली आणि आधीपासून चालू असलेल्या, नोंद केलेल्या व्यावसायिकांना डिसेंबर २०२७ पर्यंत मुदत दिली. जपानमध्ये अशी सरसकट बंदी नाही.

म्हणून चेरीच्या बहरासाठी टोकियोला जाणाऱ्या मराठी प्रवाशांना विनंती एवढीच की, तिकीट घेण्यापूर्वी काचेतून आत पाहावे: छताजवळ फळी आहे का, आणि पायात वादी आहे का. वादी दिसली तर आत जाऊ नये.